संत जोसेफ वाझ : विस्थापितांच्या दारी पायी चालत गेलेला धर्मगुरू

ख्रिस्तसभा दरवर्षी १६ जानेवारी रोजी संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करते. गोमंतकाच्या भूमीत जन्मलेल्या आणि श्रीलंकेचे प्रेषित म्हणून गौरविल्या गेलेल्या या धर्मगुरूंचे जीवन आजच्या एका प्रश्नाशी अगदी जवळून निगडित आहे. घरदार सोडून परक्या मुलुखात आलेले, जवळ वाहन नसलेले, मंदिरापासून दूर पडलेले श्रद्धावंत ख्रिस्तसभेशी जोडलेले कसे राहतील, हा तो प्रश्न होय.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टी तालुक्यातील बाणावली येथे आजोळी झाला. वडील ख्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे. पोर्तुगीज व लॅटिन या भाषांचे प्राथमिक शिक्षण गावीच घेऊन त्यांनी पुढे गोव्यातील संत पॉल महाविद्यालयात व डॉमिनिकन संघाच्या विद्यालयात अध्ययन केले. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनी पादत्राणांचा त्याग केला व गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालण्यास आरंभ केला. १६७७ मध्ये त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी स्वरूपात अर्पण केले.

१६८१ मध्ये त्यांची रवानगी कानडा प्रांतात झाली. दुष्काळ, रोगराई, करांचा बोजा, इन्क्विझिशनचा जाच व लढायांची धामधूम अशा नाना कारणांनी गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यानपिढ्या दक्षिणेकडे सरकली होती. केळदीच्या नायक राजांनी त्यांना कसण्यास जमिनी दिल्या. पोटाची सोय झाली, पण मंदिरे थोडी, धर्मगुरू त्याहून थोडे, आणि मध्ये नद्या व खाड्या. त्यातच धर्माधिकार कोणाचा, पोर्तुगालच्या आश्रयाखालील गोवा महाधर्मप्रांताचा की रोमने नेमलेल्या बिशपांचा, हा वाद पेटलेला होता. या वादात भरडला जात होता तो सामान्य भाविक. फादर वाझ यांनी मंगळूर, बसरूर, गंगोळी, कल्याणपूर या भागांत पायी फिरून लोकांना गोळा केले, प्रार्थनेची स्थाने उभारली आणि वादात कटुता वाढू न देता संस्कार चालू ठेवले. १६८४ मध्ये ते गोव्यास परतले. पुढील वर्षी जुन्या गोव्यातील काही देशी धर्मगुरूंच्या समूहात ते सामील झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली हा समूह ओरेटरी म्हणून आकारास आला.

परंतु त्यांचे मन श्रीलंकेकडे ओढ घेत होते. १६५८ मध्ये जाफना डचांच्या हाती पडल्यावर तेथील कॅथॉलिक उपासनेवर बंदी आली. मंदिरे काढून घेतली गेली, धर्मगुरूंना हाकलण्यात आले व त्यांना आसरा देणाऱ्यास कठोर शिक्षा ठरली. अनेक कुटुंबे डच मुलुखातून निघून कँडीच्या राजाच्या आश्रयास गेली. पाव शतकाहून अधिक काळ या समाजाला मिस्साबलिदान लाभले नव्हते.

१६८६ मध्ये फादर वाझ गोव्याहून निघाले. तमिळ शिकून १६८७ मध्ये ते तुतिकोरीनहून भिकाऱ्याच्या वेषात होडीने श्रीलंकेत उतरले. सोबतीला जॉन नावाचा सेवक होता. जाफन्यात पोहोचताच आजाराने त्यांना ग्रासले. बरे झाल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळ पाहून ज्या घरातील माणसांच्या चेहऱ्यावर ओळख उमटे, ते घर कॅथॉलिक असल्याचे त्यांना कळे. अशा रीतीने विखुरलेला कळप एकेक करून सापडला. रात्री एखाद्या घरात मिस्सा होई, स्नानसंस्कार व पापनिवेदन होई आणि उजाडण्यापूर्वी ते दुसऱ्या गावाची वाट धरीत.

या सेवेची किंमत भाविकांनीही मोजली. १६८९ च्या नाताळच्या रात्री जमलेल्या लोकांवर डच शिपायांनी छापा घातला. फादर निसटले, पण अनेकांना अटक झाली व काहींनी प्राणांतिक छळ सोसला. आपल्यामुळे लोकांवर संकट येते हे पाहून ते पुत्तलमकडे व तेथून १६९२ मध्ये कँडीस गेले. तेथे पोर्तुगीज हेर असल्याच्या आरोपावरून त्यांना कैदेत टाकण्यात आले. कैदेतच त्यांनी सिंहली भाषा आत्मसात केली व एका झोपडीत उपासना सुरू केली. भीषण अवर्षणात त्यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस पडला, असे परंपरा सांगते. दुसरे विमलधर्मसूर्य या बौद्ध राजांनी त्यांना संचाराचे स्वातंत्र्य दिले. १६९७ मध्ये देवीची साथ आली व लोक नगर सोडून पळाले, तेव्हा फादर वाझ व त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो यांनी टाकून दिलेल्या रुग्णांसाठी झोपड्या बांधल्या, त्यांना जेवू घातले व मृतांचे दफन केले. रुग्णाचा धर्म त्यांनी विचारला नाही.

एक धर्मगुरू सर्व गावांना पुरणार नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी गावोगावच्या प्रापंचिकांवर जबाबदारी सोपविली. मूप्पु म्हणजे समाजाचा प्रमुख व अण्णावी म्हणजे प्रार्थना चालविणारा धर्मशिक्षक. धर्मगुरू महिनोन्महिने आले नाहीत तरी रविवारी लोक एकत्र जमत, मुलांना शिकवण मिळे व मरणासन्न मनुष्य एकटा राहत नसे. प्रार्थना तमिळ व सिंहली भाषांत तयार झाल्या. १७०५ मध्ये आलेले फादर जाकोम गोन्साल्व्हिस यांनी हे लेखनकार्य पुढे मोठ्या प्रमाणावर वाढविले. फादर वाझ यांनी बिशपपद नाकारले व १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे देह ठेवला. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित व १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून घोषित केले. दोन्ही सोहळे कोलंबो येथे झाले.

१९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतातील आपणांस हे चरित्र दूरचे वाटू नये. अकोट ते अकोला हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये बंद झालेला लोहमार्ग २०२२ मध्ये पुन्हा सुरू होईपर्यंत एस.टी. व काळीपिवळी हाच सामान्यांचा आधार होता. मेळघाटातून मजुरीसाठी उतरलेल्या, वीटभट्टीवर वा शेतात मुक्कामी असलेल्या कुटुंबाला रविवारचे जाण्यायेण्याचे भाडे म्हणजे दिवसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा. असे कुटुंब मिस्सेला आले नाही की श्रद्धा मंदावली, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. वास्तविक मंदावलेली असते ती आपली चौकशी.

संत जोसेफ वाझ यांचा मार्ग आपल्यालाही जमण्यासारखा आहे. प्रथम अशा घरांचा शोध घ्यावा. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी रविवारी एक जागा राखून ठेवावी किंवा चार घरांनी मिळून ऑटोचे भाडे वाटून घ्यावे. जेथे तेही शक्य नाही तेथे वस्तीवरच जपमाळेची प्रार्थना सुरू करावी व ती चालविण्याचे काम त्याच वस्तीतील एखाद्या बंधूला वा भगिनीला द्यावे. त्यांना केवळ मदत घेणारे न ठेवता वाचन, गायन व सेवेत सहभागी करून घ्यावे. आजारी व वृद्धांना ख्रिस्तशरीर घरपोच मिळेल याची माहिती धर्मगुरूंना वेळेवर कळवावी.

अनवाणी पायांनी शेकडो मैल चालणाऱ्या या संताच्या मध्यस्थीने, आपल्याही धर्मग्रामातील कोणी केवळ वाहनाअभावी प्रभूच्या मेजापासून वंचित राहू नये, हीच प्रार्थना.