डॉ. हाफकिन आणि एक बाटली

शीळफाट्याहून मुंबईस जाणाऱ्या आमच्यापैकीं पुष्कळांनीं परळची हाफकिन संस्था पाहिली असेल. जिला त्यांचें नांव आहे, ते वाल्देमार हाफकिन १८६० सालीं ओडेसा येथें जन्मले. दूषित अन्नपाण्यांतून फैलावणाऱ्या पटकीची लस त्यांनीं १८९२ त प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९७ त मुंबईस प्लेगची लसही तशीच. प्लेगचे जंतु मांसाच्या रसांत वाढवितांना ते वर तुपाचे थेंब सोडीत. स्वयंपाकघरांतील तुपाचा हा उपयोग आम्हांस मोठा नवलाचा वाटतो.

१९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. या रोगाचे जंतु मातींत असतात व हवा न लागेल तेथें वाढून विष निर्माण करितात. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि डॉक्टरांस पद सोडावें लागलें. वास्तविक बाटली उघडतांना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरता निर्जंतुक न करितांच वापरला गेला होता. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. दोष मूळचाच असता तर उघडतांच दुर्गंधि आली असती. रोनाल्ड रॉसप्रभृति शास्त्रज्ञांनीं त्यांची बाजू घेतली, तेव्हां कोठें १९०७ त ते दोषमुक्त झाले. पुढें नेमणूक मिळाली ती कलकत्त्यास, मुंबईस नव्हे. १९२५ त संस्थेस त्यांचें नांव दिलें गेलें. १९३० त लोझान येथें ते वारले.