डॉ. रखमाबाई : एका नकाराची कहाणी

स्त्रीवरील अत्याचाराच्या एखाद्या खटल्याचा निकाल लागला की आमच्या टेंभी नाक्यावर त्याची हमखास चर्चा होते. जिल्हा न्यायालय जवळच, कोर्ट नाक्यावर असल्यामुळे अशा गप्पांना येथे कधीच तोटा नसतो. निकाल पटला नाही की कोणी न्यायाधीशांना दोष देतो, तर कोणी जुन्याजाणत्या सुरात म्हणतो की पूर्वीची ज्यूरीच बरी होती. चारचौघांनी दिलेला निवाडा निदान लोकांचा तरी असे. हे ऐकताना माझ्या मनात प्रश्न येतो, तो असा की निकालावरचा लोकांचा विश्वास नेमका कशावर उभा असतो? निवाडा कोण देतो यावर, की निवाड्यात काय विचारात घेतले जाते यावर? या प्रश्नाचा विचार करताना मला डॉ. रखमाबाईंचे चरित्र फार मोलाचे वाटते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन या नामांकित वैद्यांशी पुनर्विवाह केला. घरात ग्रंथ होते, विद्येची चाड होती. तरीही रूढीपुढे कोणाचे चालले नाही आणि वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. लग्नानंतरही त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडिलांच्या पाठिंब्यामुळे त्यांचे वाचन वाढले, विचार पक्के झाले. संमती न घेता जोडलेला हा संबंध आपण मानणार नाही, असे त्यांनी ठरवले आणि सासरी जाण्यास नकार दिला.

१८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात पत्नीचा ताबा मागणारा दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अजाण वयात लग्न झालेल्या आणि पतीबरोबर कधीच न राहिलेल्या तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणे त्यांना अमानुष वाटले. सुधारकांना आनंद झाला, सनातन्यांनी काहूर उठवले. अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये हा निकाल फिरवून दावा पुन्हा सुनावणीस पाठवला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा दिवाणी दावा होता. त्यात ज्यूरी नव्हती. एकाच न्यायालयातून तीन वर्षांत परस्परविरुद्ध निकाल बाहेर पडले आणि प्रत्येक वेळी अर्ध्या समाजाचा विश्वास उडाला. बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई यांच्यासारखी माणसे रखमाबाईंच्या बाजूला होती. लोकमान्य टिळकांनी मात्र त्यांच्याविरुद्ध लेखणी चालवली. राष्ट्रकार्यातील लोकमान्यांचे ऋण शिरोधार्य मानूनही या एका प्रश्नावर त्यांची बाजू मला पटत नाही. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली आणि रखमाबाई मोकळ्या झाल्या.

मग ज्यूरी असती तर? याचे उत्तर दोनच वर्षांत कलकत्त्यात मिळाले. १८९० साली फुलमणी नावाची अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीमुळे मरण पावली. खटला ज्यूरीपुढे चालला. पण पत्नीचे वय दहाच्या वर असेल तर तो बलात्कारच नव्हे, असे तेव्हाचा कायदा सांगत होता. त्यामुळे तो आरोप ज्यूरीपुढे येऊच शकला नाही. आरोपीला हयगयीने जबर दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ज्यूरीत सगळे पुरुषच, कारण स्त्रीला तेथे बसण्याची मुभाच नव्हती. खुद्द इंग्लंडातही ती १९१९ च्या कायद्यानंतरच मिळाली. याच सुमारास रखमाबाई लंडनमध्ये वैद्यक शिकत होत्या आणि तेथूनही त्यांनी बालविवाहाविरुद्ध लेखन केले. या सर्व चळवळीतून १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली.

१८९४ साली वैद्यकीय पदवी घेऊन रखमाबाई मायदेशी परतल्या. सुरतेला आणि पुढे राजकोटला स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. न्यायालयात जिच्या शब्दाला किंमत मिळाली नाही, तिच्यापाशी हजारो बायकांनी आपली दुखणी विश्वासाने उघड केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर ज्यूरीही गेली. १९५९ च्या नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला ज्यूरीचा कौल उच्च न्यायालयाने मानला नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही. पण म्हणून संशय संपला का? १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तो खटला न्यायाधीशांपुढेच चालला. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ काढण्यात आला. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतील अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तिचे म्हणणे गृहीत धरावे, असे ठरले.

मला वाटते, नाक्यावरच्या वादाचे उत्तर यातच आहे. ज्यूरी असो वा न्यायाधीश, स्त्रीच्या नकाराला कायद्यात आणि निवाडा देणाऱ्याच्या मनात जागा नसेल तर त्या निकालावर विश्वास बसणे कठीण. रखमाबाई गेल्या त्याच वर्षी झालेल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात वैवाहिक संबंधांच्या पुनःस्थापनेचा दावा पुन्हा आला. तो आजही आहे. फक्त त्यापायी तुरुंगात जावे लागत नाही. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीतला अपवादही बलात्काराच्या कायद्यात अजून कायम आहे. तेव्हा रखमाबाईंचे चरित्र केवळ स्मरणापुरते वाचून भागणार नाही. त्यांनी उभा केलेला प्रश्न आता आपल्या पिढीपुढे आहे, आणि तो वर्गात, घरात व नाक्यावरही मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे.