महेश्वरचा वाडा आणि अहिल्याबाई

गणपती बसण्याच्या चार-पाच दिवस आधी, श्रावण वद्य चतुर्दशीला, अहिल्याबाईंची पुण्यतिथी येते. त्या दिवशी आपल्या इंदुरात त्यांची पालखी निघते. आपल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांच्या पंचांगात हीच तिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी असते, त्यामुळे दरवर्षी कुणीतरी महिन्यावरून वाद घालतोच. पालखी आपण सगळे पाहतो. विमानतळ त्यांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचे. २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली तेव्हा तर गल्लोगल्ली फलक लागले होते. पण ज्या घरात बसून त्यांनी राज्य चालवले आणि जिथे त्यांनी देह ठेवला, ते घर इंदुरात नाही. ते इथून नव्वद-एक किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वरच्या किल्ल्यात आहे.

तिथे पहिल्यांदा जाणारा माणूस थोडा गोंधळतो. आपल्या डोळ्यांसमोर इंदूरचा सात मजली राजवाडा असतो, लालबाग असते. महेश्वरला किल्ल्याच्या दरवाजातून आत गेले की समोर येतो तो लाकडी खांबांचा, पडवीचा, चौक असलेला साधा मराठी वाडा. पुणे-सातारा भागात एखाद्या बऱ्यापैकी इनामदाराचा असावा तसा. त्याचे आता लहानसे संग्रहालय केले आहे. पालखी आहे, जुनी शस्त्रे आहेत, चित्रे आहेत आणि जिला लोक राजगादी म्हणतात ती पांढऱ्या बैठकीची गादी आहे. शेजारी देवघर आहे. तेथील शिवलिंगे आणि देवाचा सोन्याचा झोपाळा पाहायला गर्दी होते. गादीपुढे लोक हात जोडतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. मला मात्र त्या घरात सर्वांत बोलकी वाटते ती ही गादीच. सिंहासन नाही, उंच चौथरा नाही. दिवाणजी बसतात तशी ही बैठक.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडी गावचा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. १७३३ मध्ये सुभेदार मल्हारराव होळकरांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या काळात मुलींना लिहायला शिकवण्याची रीत नव्हती, पण त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे सासऱ्यांच्या हाताखाली दौलतीचा कारभारही शिकल्या. मल्हाररावांचा बराच काळ स्वारीवर जाई. मागचा वसूल, पत्रव्यवहार, फौजेची रसद हे सगळे हळूहळू सुनेकडे आले. १७६५ च्या सुमारास मल्हारराव त्यांना ग्वाल्हेरकडे जाऊन तोफखाना आणि दारूगोळ्याची व्यवस्था लावायला सांगतात, असा पत्रव्यवहार आहे. देवपूजेत रमलेली विधवा सून अशी जी प्रतिमा आपल्या मनात बसली आहे, तिच्याशी हे जुळत नाही.

१७५४ च्या मार्चमध्ये भरतपूरजवळ कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी त्यांना अडवले. म्हाताऱ्याने सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली, असे सांगतात. त्या थांबल्या. पुढे १७६६ मध्ये मल्हारराव आलमपूरला वारले. त्यांचे नातू म्हणजे अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव गादीवर आले आणि वर्षभराच्या आत, १७६७ मध्ये, तेही गेले.

मालेरावांबद्दल एक गोष्ट आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. त्यांच्या रथाखाली वासरू आले, म्हणून आईने मुलाला त्याच रथाखाली घालण्याची शिक्षा दिली, अशी ती गोष्ट. अशीच गोष्ट तमिळ मुलखात एका चोळ राजाची म्हणून सांगतात. मालेराव आजारपणात गेले. ज्या बाईने नवरा, सासरा आणि एकुलता एक मुलगा तेरा वर्षांत गमावला, तिच्या न्यायनिष्ठेसाठी ही कथा जोडण्याची काहीच गरज नाही.

आता घरात पुरुष वारस उरला नव्हता. जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपल्याकडे ठेवावा, असा बेत केला. त्यांच्या बोलावण्यावरून रघुनाथराव पेशवे फौजेनिशी क्षिप्रेपर्यंत आले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे लिहिली, फौज उभी केली आणि पुण्याला थोरल्या माधवरावांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. राघोबादादांना आपण समाचाराला आलो असे म्हणत परतावे लागले. १७६७ पासून फौज तुकोजीराव होळकरांकडे आणि मुलकी कारभार व खजिना अहिल्याबाईंकडे अशी वाटणी झाली. तुकोजी मल्हाररावांचे विश्वासू सरदार, वयाने बाईंच्या बरोबरीचे, पण त्यांना मातोश्री म्हणत. राजधानी महेश्वरला आली.

इथून पुढचा भाग समजायला खासगी आणि दौलत हा फरक समजला पाहिजे. होळकरांच्या सुभ्याचा वसूल ती दौलत. तिच्यातून फौज आणि सरकारी खर्च. त्याशिवाय मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे १७३४ मध्ये वेगळी खासगीची गावे लावून दिली होती. त्यांचे उत्पन्न घरच्या बायकांचे. गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. देशभर जी बांधकामे आपण ऐकतो, त्यांचा पैसा या खासगीतला. काशी विश्वनाथाचे मंदिर १६६९ मध्ये पाडले गेले होते, त्याच्या शेजारी त्यांनी १७८० मध्ये नवे उभे केले. सोमनाथाला १७८३ मध्ये नवे मंदिर, गयेला विष्णुपद, वेरूळला घृष्णेश्वर, शिवाय घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे, पाणपोया. यांतली कित्येक ठिकाणे होळकरांच्या हद्दीत नव्हती, दुसऱ्याच्या राज्यात होती. तिथे फौज पाठवून काही करता येत नव्हते. वकील नेमावे लागत, जमीन विकत घ्यावी लागे, पैसे हुंडीने पोचवावे लागत आणि पूजेअर्चेची पुढची तजवीज बांधून द्यावी लागे. ज्याने सरकारी बांधकामाची एखादी फाइल हाताळली आहे, त्याला यातली दगदग कळेल. बांधून देणे सोपे असते, पन्नास वर्षांनी तिथे झाडू कोण मारणार याची सोय करणे अवघड असते.

खासगीचा हा पैसा तुकोजींना हवा होता. उत्तरेत फौजेचा पगार थकला की महेश्वरला मागणी येई. बाई दौलतीचा हिशेब मागत आणि खासगीला हात लावू देत नसत. पुणे दरबाराचा वकील महेश्वरहून जी बातमीपत्रे पाठवी, ती पुढे छापली गेली आहेत. त्यांत या कुरबुरी पानोपानी आहेत. नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांना मध्ये पडावे लागे. काही जण यावरून बाईंना दोष देतात. पैसा देवळांत गेला नि फौज उपाशी राहिली, असे त्यांचे म्हणणे. मला तो आक्षेप अगदीच पोकळ वाटत नाही. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या कवायती पलटणींनी होळकरांचा पराभव केला, तो त्यांच्या डोळ्यांदेखत. पण तीस वर्षे दौलतीचा वसूल ज्यांच्या फौजेवर खर्च झाला, त्यांनी हिशेब द्यायचा नाही आणि एका मदाचा पैसा दुसऱ्या मदात वळवा म्हणायचे, हेही बरोबर नव्हते. आज आपण त्यांना देवी म्हणून मोकळे होतो. त्या काळी तो देवीपणा म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ कागद वाचून नाही म्हणण्याचा त्रास होता.

होळकरांचा पराभव झाल्यावर १८१८ मध्ये माळव्यात आलेला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने, बाईंना पाहिलेल्या माणसांना विचारून त्यांची माहिती लिहून ठेवली. खासगीचा ठेवा दोन कोटींचा होता असा आकडा त्यानेच दिला. त्याच्या लिहिण्यात त्यांचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो. पूजा, पुराण, दानधर्म, दुपारी दरबार, आणि रात्री जेवणानंतर पुन्हा काम. निपुत्रिक मेलेल्या सावकाराच्या धनावर तुकोजींची नजर गेली, तेव्हा बाईंनी ते विधवेकडेच राहू दिले. भिल्लांना त्यांनी वाटसरूंकडून भिलकवडी घेण्याचा जुना हक्क ठेवला, पण त्यांच्या हद्दीत चोरी झाली तर भरपाईही त्यांच्याच गळ्यात घातली. एका ब्राह्मणाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ आणला, तो त्यांनी नर्मदेत टाकायला लावला. विणकरांना महेश्वरात त्यांनीच बसवले. किल्ल्याच्या दगडावरची नक्षी आणि नदीच्या लाटा आजही माहेश्वरी साडीच्या काठावर दिसतात.

वाड्यातून घाटाकडे उतरताना मनात येते ते मुक्ताबाईंचे. अहिल्याबाईंची ही एकुलती एक मुलगी यशवंतराव फणसे यांना दिली होती. आधी तरुण नातू नथोबा गेला. मग १७९१ मध्ये जावई गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाल्या. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने ज्या बाईला अडवले, तीच आता लेकीला अडवत होती. पाया पडून पाहिले, रडून पाहिले. मुक्ताबाईंनी ऐकले नाही. याच नर्मदाकाठी, आईच्या देखत, त्या चितेवर चढल्या. हिंदुस्थानभर जिचा शब्द चालत होता, तिचा घरात चालला नाही. सती बंद करण्याचा हुकूम त्यांनी काढला नव्हता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा कुणी लिहीत नाही. फणसे मंडळींची छत्री महेश्वरला आहे.

त्यानंतर चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी अहिल्याबाई गेल्या. दोन वर्षांत तुकोजीही गेले आणि त्यांच्या मुलांत भाऊबंदकी पेटली. जपलेला ठेवा त्या धामधुमीत संपला. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला हलली. पुढच्या होळकरांचे मोठे वाडे इथे बांधले गेले आणि महेश्वरचा वाडा तसाच राहिला.

एक मोडलेले नाही. वाड्यात रोज सकाळी लिंगार्चन होते. ब्राह्मण मातीची हजारो चिमुकली शिवलिंगे पाटांवर मांडतात, पूजा होते आणि ती सगळी नर्मदेत सोडतात. ते पाहायचे असेल तर इंदूरहून पहाटेच निघावे. दुपारी पोचणाऱ्याला फक्त धुतलेले पाट दिसतात.