आई मुक्ताईचं चरित्र : कथा कुठली, पुरावा कुठला

आम्ही चौथी शिकलेलो, हात औताचे. तरी चाळीस वर्षं मुक्ताईचं चरित्र कीर्तनात सांगत आलो. मागे दीपनगरला कीर्तन झालं. एक कॉलेजचा पोरगा पाया पडला नी विचारता झाला, की वीज कडाडली नी मुक्ताई गुप्त झाली हे कुठं लिहिलंय, की बुवा लोकांनी रचलंय? आम्हाला उत्तर सुचलं नाही. रात्री झोप आली नाही.

मग एका जाणत्या गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं की इतिहासवाले आधी पाहतात, गोष्ट कोणी लिहिली नी घडल्यावर किती वर्षांनी. विठ्ठलपंत-रुक्मिणीची ही धाकटी लेक. जन्म कोणी शके ११९९ धरतात, कोणी १२०१. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ ला, मुक्ताई गेली १२१९ ला, म्हणजे सन १२९७. अठरा-वीस वर्षांची पोर! एवढ्या वयात ताटीचे अभंग म्हणून रुसलेल्या ज्ञानोबांना समजावलं नी चांगदेवांची गुरू झाली. पाठीवर मांडे भाजले, भिंत चालली, हे आम्ही महिपतीबुवांच्या भक्तिविजयातून सांगतो. तो ग्रंथ १७६२ चा. मधे ४६५ वर्षं गेली. महिपतीबुवांनी डोळ्यांनी काय पाहिलं असणार? लोकांच्या तोंडी होतं ते लिहिलं.

विजेचं मात्र नामदेवरायांच्या नावच्या अभंगात आहे, नी नामदेवराय तर त्याच काळातले. आम्ही खूश झालो. पण गुरुजी म्हणाले, थांबा बुवा. पुढे विष्णुदास नामाही होऊन गेले, दोघांची नाममुद्रा नामाच. हातातल्या वह्या पुष्कळ नंतरच्या. मग अभंग कोणत्या नामाचा? धुळ्याला १९२६ साली वारलेले इतिहासाचार्य राजवाडे अशा जुन्या कागदांपायी गावोगाव हिंडले, ते उगीच नाही.

पण कथा टाकून द्या असंही गुरुजी म्हणाले नाहीत. काय घडलं ते कथेवरून ठरत नाही, पण लोकांनी काय जपलं ते कळतं. तापीचा काठ नी वैशाखाचा वद्य पक्ष लोकांनी सातशे वर्षं धरून ठेवला. मेहूण नी कोथळी, दोन्हीकडे यात्रा भरते. वैशाखातल्या वळवाची वीज कशी असते ते आम्हाला विचारा. एका साली बांधावरच्या निंबाखाली आमचा बैल गेला.

आता कीर्तनात आम्ही नामदेवरायांच्या नावचा अभंग असं सांगतो, असं म्हणतो. काही म्हातारे नाराज झाले. बुवांची भक्ती पातळ झाली म्हणतात.

तो पोरगा यंदा मुक्ताईच्या पालखीत पंढरपूरपर्यंत पायी आला. वाटेत त्यानं भिंतीचं विचारलं.