बुडीत खात्यातलं मासिक

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठल्याही गोष्टीत आधी दोन रकाने दिसतात, नावे आणि जमा. आता कादंबऱ्या लिहितो म्हणून ही खोड गेलेली नाही. म्हणूनच विल्यम मॉरिस या इंग्रज कवीचं चरित्र वाचताना मी त्याच्या कवितांच्या आधी त्याच्या हिशेबापाशी अडलो, आणि त्या हिशेबानं माझंच एक जुनं खातं उघडलं.

मॉरिस जन्मला २४ मार्च १८३४ रोजी, लंडनजवळच्या वॉल्थमस्टो इथं. वडील हुंड्यांची दलाली करणारे. म्हणजे आमच्याच बिरादरीतले म्हणायचे! डेव्हनमधल्या तांब्याच्या खाणीचे शेअर त्यांनी घेतले आणि घराचं नशीब उघडलं. १८४७ मध्ये ते वारले. पुढे मुलगा एकवीस वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या हाती वर्षाला सुमारे ९०० पौंडांचं उत्पन्न आलं. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

१८५३ मध्ये तो ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात दाखल झाला. तिथं त्याला एडवर्ड बर्न-जोन्स भेटला. दोघांनाही पाद्री व्हायचं होतं. बर्न-जोन्सचे बर्मिंगहॅमकडचे मित्र फुलफर्ड, डिक्सन, फॉकनर आणि मागाहून आलेला कॉर्मेल प्राइस, असं एक टोळकं जमलं. रात्र रात्र कविता वाचायच्या, वाद घालायचे. आपल्याकडच्या वसतिगृहांतून जे चालत आलं आहे तेच. १८५५ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधली जुनी कॅथीड्रल पाहून परतताना बंदराच्या धक्क्यावर मॉरिस आणि बर्न-जोन्स यांनी ठरवलं की पाद्री व्हायचं नाही. एकानं चित्रकार व्हायचं, दुसऱ्यानं वास्तुशिल्पी. मित्रांनी मिळून मासिक काढायचं, हेही त्याच वर्षी ठरलं.

जानेवारी १८५६ मध्ये ‘ऑक्सफर्ड अँड केंब्रिज मॅगझिन’चा पहिला अंक निघाला. किंमत एक शिलिंग. लेखांवर लेखकांची नावं नाहीत, आत चित्रं नाहीत. कथा, कविता, पुस्तकांची परीक्षणं, कलेवरचे लेख, असा ऐवज. मॉरिसच्या कथा त्यात महिन्यामागून महिना येत राहिल्या. संपादकाची खुर्ची मात्र त्यानं एका अंकानंतर सोडली. टपाल पाहणं, मुद्रितं तपासणं, लेखकांमागे तगादा लावणं, हे त्याचं काम नव्हे. ते त्यानं वर्षाला १०० पौंड देऊन फुलफर्डकडे सोपवलं. कागद, छपाई, संपादक, सारा खर्च एकट्या मॉरिसच्या खिशातून. बारा अंक निघाले आणि डिसेंबरात मासिक थांबलं.

माझ्या टेबलावर हे प्रकरण आलं असतं तर मी काय शेरा मारला असता, हे मला नेमकं ठाऊक आहे. कारण तो शेरा मी एकदा मारलेला आहे.

तालुक्याच्या गावी कॉलेजात असताना आम्ही चौघांनी एक अनियतकालिक काढलं होतं. ट्रेडलवर छापायचं, आम्हीच शिवायचं. दोन अंक निघाले. छापखान्याची ६४० रुपयांची उधारी राहिली. तिसऱ्या अंकाचा मजकूर तयार होता. संपादक मित्र माझ्याकडे आला तेव्हा मी नुकताच बँकेत लागलो होतो, पहिला पगार खिशात होता. मी त्याला वही दाखवली आणि हे चालणार नाही, असं शांतपणे पटवून दिलं. हिशेब बिनचूक होता. तो कापडी पिशवीत कागद भरून निघून गेला. पुढे त्यानं खतांचं दुकान टाकलं. लिहिलं काहीच नाही.

आता मॉरिसचा जमेचा रकाना पाहा. पहिल्याच अंकात बर्न-जोन्सनं रोझेटी या चित्रकाराच्या एका चित्राची तारीफ केली. त्याच महिन्यात दोघांची ओळख झाली, रोझेटीच्या कविता मासिकात आल्या आणि दोन्ही मित्रांचं आयुष्य त्या वळणावर फिरलं. मॉरिसचा पहिला काव्यसंग्रह १८५८ मध्ये आला, त्यातल्या काही कविता मासिकातल्याच. १८६१ मध्ये भिंतीचे कागद, रंगीत काचा, लाकूडसामान बनवणारी कंपनी निघाली. सात भागीदारांचे एकेक पौंड आणि मॉरिसच्या आईनं दिलेले शंभर पौंड, एवढंच भांडवल. भागीदारांत रोझेटी होता, बर्न-जोन्स होता आणि हिशेब ठेवायला गणिताचा पंडित फॉकनर, त्याच टोळक्यातला.

एक धागा तर थेट मुंबईपर्यंत येतो. कॉर्मेल प्राइस पुढे डेव्हनमधल्या एका शाळेचा मुख्याध्यापक झाला. तिथं त्यानं एका चष्मेवाल्या मुलाच्या हाती शाळेचं मासिक दिलं. तो मुलगा रुडयार्ड किपलिंग. १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेला, जे. जे. कलाशाळेतल्या शिक्षकाचा मुलगा आणि बर्न-जोन्सच्या बायकोचा भाचा.

जमेचा रकाना सगळ्यांचा भरला असं नाही. ज्यानं अंकामागून अंक ओढले त्या फुलफर्डचं नाव आज मासिकाच्या निमित्तानंच निघतं. आणि मॉरिसकडे खाण होती, आमच्याकडे नव्हती, हेही खरंच. पण खाण आटल्यावरही मॉरिसची सवय गेली नाही. समाजवादी झाल्यावर १८८५ पासून त्यानं ‘कॉमनवील’ हे पत्र पदरमोड करून चालवलं. १८९१ मध्ये केल्मस्कॉट मुद्रणालय काढलं. तिथला शेवटचा मोठा ग्रंथ चॉसरचा, बर्न-जोन्सच्या ८७ चित्रांसह. विद्यार्थी मासिकात एकही चित्र छापू न शकलेले ते दोन मित्र चाळीस वर्षांनी एका पानावर आले. तो ग्रंथ १८९६ च्या उन्हाळ्यात पुरा झाला आणि ३ ऑक्टोबरला मॉरिस गेला.

चरित्र मिटलं आणि मी मित्राला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर पिशवीचं विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की माळ्यावर आहे, कडा कसरीनं खाल्ल्यात, पण अक्षर लागतं.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या गावी जाऊन आलो. तिसरा अंक काढायचा आहे. छापखान्याला आगाऊ रक्कम मी दिली आहे आणि ती कुठल्या रकान्यात लिहायची, हे अजून ठरवलेलं नाही.