कर्मवीर भाऊराव पाटील आणि विद्यार्थ्यांची शिस्त

धर्मसंस्कार देणारी शाळा व तिला जोडलेले वसतिगृह चालविणे हे आपल्या समाजाने आपले कर्तव्य मानले आहे. पूर्वी यवतमाळहून दारव्ह्यामार्गे छोट्या रेल्वेने ज्या कारंज्यास जाता येई, तेथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला. त्याचे संस्थापक देवचंद शहा, म्हणजेच पुढील समंतभद्र महाराज, यांनी १९३४ साली कुंभोजजवळ बाहुबली येथे दुसरे गुरुकुल उभारले. त्याच कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला होता. मुलांना वळण कसे लावावे, हा प्रश्न आज प्रत्येक पालकास व चालकास पडतो. त्याचा विचार करताना या पुरुषाचे चरित्र आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. कारण शिस्तभंगाबद्दल वसतिगृहातून काढलेला हा विद्यार्थी पुढे हजारो विद्यार्थ्यांचा शिस्तकर्ता झाला.

भाऊरावांचे घराणे दिगंबर जैन शेतकऱ्यांचे, मूळ ऐतवडे बुद्रुक येथील. इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात दाखल झाले व जैन बोर्डिंगात राहू लागले. तेथील व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे या विद्वान व समाजहितैषी गृहस्थांकडे होती. बोर्डिंगाचे नियम सोवळ्याओवळ्याचे होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव जाऊन आले, तेव्हा स्नान केल्यावाचून भोजनास बसता येणार नाही असे त्यांना बजावण्यात आले. माणसाच्या सहवासाने विटाळ होतो हे त्यांस मान्य नव्हते. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने ते राहिले. पण शालेय शिक्षण अपुरेच राहिले.

येथवरची हकीकत वाचून कोणी म्हणेल की, हा तर उद्दामपणाचा कित्ता झाला. परंतु खरी कसोटी पुढेच आहे. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव त्यांच्यावर आणण्यात आला. ज्यांनी आपणांस बाहेर काढले त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी अटक व अनन्वित छळ सोसला, पण असत्य बोलण्याचे साफ नाकारले. सोवळ्याचा नियम मोडणाऱ्या या तरुणाने सत्याचे व्रत मात्र प्राणापलीकडे जपले. नियम आणि सदाचार हे नेहमीच एक नसतात, हे याहून स्पष्ट कोणत्या उदाहरणाने दिसेल?

पुढे किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीनिमित्त ते खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांचे अज्ञान त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यास १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. येथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम ही सारी कामे मुलेच करीत आणि श्रम करून शिकत. भाऊराव ढिलाई खपवून घेणारे नव्हते. त्यांची करडी नजर प्रसिद्ध होती. पण ते स्वतः अनवाणी हिंडत, खादी वापरत, आणि जे कष्ट मुलांस सांगत ते आधी स्वतः सोशीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. अशा घरात मुलास शिक्षेचे भय घालावे लागत नाही. त्या माउलीच्या त्यागापुढे त्याची त्यालाच लाज वाटते. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या, तरी कार्य थांबले नाही. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले, त्या वेळी संस्थेची शंभरावर हायस्कुले चालू होती.

या चरित्रावरून नियमच नकोत असा अर्थ कोणी काढू नये. वेळेवर उठणे, प्रार्थना, स्वाध्याय, मिताहार यांवाचून विद्यार्थीदशा शोभत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, प्रत्येक नियमास आपण तीन प्रश्न विचारावेत: याने मुलगा सत्यवचनी होतो काय? स्वतःचे काम स्वतः करू लागतो काय? शेजारच्या मुलास आपला मानू लागतो काय? पहिल्यात सत्य आहे, दुसऱ्यात अपरिग्रहाची सुरुवात आहे आणि तिसऱ्यात अहिंसा आहे. या तिन्ही प्रश्नांस ज्याचे उत्तर नकारार्थी येते, तो नियम परंपरेचा असला तरी धर्माचा नव्हे.

लठ्ठे यांच्यासारखा थोर पुरुषही ज्या मुलास ओळखू शकला नाही, तसा मुलगा आपल्याही वसतिगृहात असू शकेल. त्यास काढून टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे एकवार शांतपणे ऐकून घ्यावे, अशी आमची सर्व चालकांस व मातापित्यांस नम्र विनंती आहे.