वस्तरा, चांदी आणि मेंदू

घरातल्या कुणाच्या अंगावर गाठ आली, की डॉक्टर तिचा लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. मग सुरू होतात वाट पाहण्याचे दिवस. फोन वाजला की काळजात धस्स होते. त्या दिवसांत तो तुकडा कुठे असतो, कुणाकुणाच्या हातून जातो, याचा विचार आपण सहसा करत नाही. तो असतो हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तिथे तो फॉर्मालिनमध्ये टिकवतात, त्यातले पाणी काढून त्यात मेण भरतात, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप काढतात, ते रंगवतात आणि मग कुठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात. काप फाटला, रंग बसला नाही, काचेवर बुडबुडा राहिला, तर दिसायचे ते दिसत नाही.

अशा क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणींशी आयुष्यभर झुंजत एका माणसाने मेंदूचे कोडे उलगडले. त्याचे नाव सांतियागो रामोन इ काहाल.

काहालचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधल्या पेतिया या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो हे न्हाव्याच्या हाताखाली जखमा बांधायला शिकत शिकत, पुढे कष्टाने डॉक्टर झालेले गृहस्थ. मुलाने डॉक्टरच व्हावे हा त्यांचा हट्ट, आणि मुलाला वेड चित्रांचे. एकदा वडिलांनी त्याचे चित्र पारखायला नेले ते गावात भिंती रंगवायला आलेल्या कारागिराकडे! त्याने नापसंतीचा शेरा मारला आणि घरात चित्रकलेवर बंदी आली. मुलगाही काही कमी नव्हता. अकराव्या वर्षी त्याने लाकडी तुळईची तोफ बनवली आणि शेजाऱ्याचे फाटक उडवले. त्यापायी त्याला गावच्या कोठडीत दिवस काढावे लागले. अभ्यासात लक्ष नाही म्हणून वडिलांनी त्याला कधी न्हाव्याकडे, कधी चांभाराकडे कामाला ठेवले. वस्तरा आणि आरी चालवताना त्या हातांना जे वळण लागले, ते पुढे कसे कामी येणार आहे, हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आले नसेल.

अखेर वडिलांनी युक्ती केली. स्मशानातली जुनी हाडे गोळा करून ती मुलापुढे ठेवली आणि काढायला सांगितली. चित्रकाराची बोटे हाडांवर फिरू लागली आणि त्याला शरीरशास्त्राची गोडी लागली.

पदवी मिळाल्यावर १८७४ साली लष्करी डॉक्टर म्हणून त्यांची क्यूबाला रवानगी झाली. तिथल्या दलदलीत हिवतापाने त्यांना पार खिळखिळे केले. १८७५ साली ते मायदेशी परतले. १८७७ साली डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी माद्रिदला गेले असता ऊतिशास्त्राचे प्राध्यापक आउरेलियानो मायेस्त्रे दे सान हुआन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखालच्या काही काचपट्ट्या दाखवल्या. आयुष्याची दिशा ठरायला तेवढे पुरले. क्यूबात साठवलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला, तोही हप्त्यांवर. बँकेत उभी हयात कर्जाची प्रकरणे पाहण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार फार भावतो. तारण काय, तर एका तरुणाचे कुतूहल!

लगेच १८७८ साली क्षयाने रक्ताची उलटी झाली. त्यातून सावरल्यावर, १८७९ मध्ये, त्यांनी सिल्व्हेरिया या तरुणीशी लग्न केले. छायाचित्रणाचा नाद होताच. त्या काळी जिलेटिनच्या काचा नव्या होत्या. काहाल त्या घरीच तयार करत आणि सिल्व्हेरियाबाई हातभार लावत. चांदीचे क्षार, अंधारी खोली, द्रावणाची उष्णता या साऱ्याची जाण त्यांना आली ती अशा घरगुती उद्योगातून.

१८८३ साली ते व्हॅलेन्सियाला प्राध्यापक झाले. १८८५ च्या पटकीच्या साथीत त्यांनी जे संशोधन केले, त्याबद्दल सारागोसाच्या प्रांतिक मंडळाने त्यांना उत्तम झाइस सूक्ष्मदर्शक भेट दिला. यंत्र मिळाले, पण अडचण वेगळीच होती. मेंदूचा काप साध्या रंगाने रंगवला, की सगळे एकसारखे दिसे. दाट रानात उभे राहून कुठली फांदी कुठल्या झाडाची, हे ओळखण्यासारखेच ते होते.

इटलीतल्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ सालीच यावर एक उपाय शोधला होता. एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवला, की शंभरातल्या मोजक्या पेशी टोकापर्यंत काळ्या होतात आणि बाकीच्या पारदर्शक राहतात. पण ही क्रिया भारी लहरी. कधी रंग चढे, कधी नुसते डाग पडत. बहुतेकांनी तिचा नाद सोडला होता. १८८७ साली माद्रिदला लुईस सिमार्रो यांच्या घरी काहाल यांनी अशी एक काचपट्टी पाहिली आणि ते थक्क झाले.

त्याच वर्षी ते बार्सिलोनाला गेले. तिथे त्यांनी जे केले, ते मला त्यांच्या नोबेल पारितोषिकाइतकेच मोठे वाटते. पद्धत लहरी आहे म्हणून ती टाकून न देता, ती कुठे आणि का बिघडते हे त्यांनी एकेक करून तपासले.

रंग अर्धवट चढतो ना? मग चांदीचे संस्कार दोनदा करायचे. मोठ्या जनावराच्या मेंदूत तंतूंभोवती मेदाचे वेष्टण असते आणि तिथे रंग अडतो. तेव्हा वेष्टण तयार होण्याआधीचा मेंदू, म्हणजे अंड्यातले पिल्लू किंवा नवजात प्राणी घ्यायचा. पातळ कापात लांब तंतू मध्येच तुटतो आणि त्याचा माग लागत नाही. थोड्याच पेशी काळ्या होत असल्याने काप जाड ठेवला तरी चालतो, मग जाडच काढायचा. त्यासाठी न्हाव्याचा वस्तराही पुरे. वर झाकणकाच ठेवली तर चांदीचे कण कालांतराने बिघडतात, म्हणून नुसत्या राळेच्या थराखाली काप ठेवायचा. एकेक अडचण अशी सुटत गेली, आणि चित्रकाराच्या हाताने जे दिसले ते कागदावर उतरवले. मेंदूतल्या पेशी एकमेकींत विरघळलेल्या नाहीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे आणि ती दुसरीला केवळ स्पर्शाच्या अंतरावरून निरोप देते, असे त्यांनी मांडले.

मे १८८८ मध्ये त्यांनी पदरमोड करून स्वतःचे नियतकालिक काढले. प्रती अवघ्या साठ. बुद्धिबळाचा जिवापाड नाद होता, तो वेळ खातो म्हणून सोडला. याच बार्सिलोनात त्यांची चिमुकली मुलगी एन्रिकेता मेंदूज्वराने गेली. त्या रात्रींतही ते सूक्ष्मदर्शकाशी बसून होते. याला निष्ठा म्हणायचे की पळवाट, हे ज्याचे त्याने ठरवावे. घर मात्र सिल्व्हेरियाबाईंनी सांभाळले.

१८८९ साली स्वखर्चाने ते बर्लिनच्या शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेला गेले. स्पॅनिश माणसाकडे कोण बघणार? त्यांनी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये थोरामोठ्यांना आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी ओढून आणले. सत्तरी ओलांडलेल्या क्योलिकर या स्विस पंडितांनी डोळा लावला आणि ते काहालांच्या बाजूचे झाले. पुढे १९०३ साली काहाल यांनी चांदीची आणखी एक पद्धत शोधली. तिच्यात छायाचित्र उमटवण्याचे रसायनच वापरले होते. घरातली जुनी अंधारी खोली अशी कामी आली! १९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. गंमत म्हणजे, गोल्जी यांनी त्या व्यासपीठावरूनच काहालांचे म्हणणे अमान्य केले. काहाल यांचे १७ ऑक्टोबर १९३४ रोजी निधन झाले. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली फट दाखवली, तेव्हा वाद मिटला.

मात्र या कथेला एक काळी किनार आहे. ज्या मायेस्त्रे यांनी तरुण काहालांना पहिल्यांदा त्या सूक्ष्म जगाकडे पाहायला लावले, त्यांच्याच डोळ्यांत पुढे प्रयोगशाळेतल्या अपघातात दाहक रसायन गेले आणि त्यांची दृष्टी गेली. १८९० साली ते वारले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या माद्रिदच्या जागेवर १८९२ साली काहाल आले. ज्याचा सारा व्यवसाय पाहण्याचा, त्याचेच डोळे जावेत!

त्या काळी या धोक्यांची मोजदाद कुणी फारशी करत नसे. काहालांच्या रोजच्या वापरातले ऑस्मिक अ‍ॅसिड नुसत्या वाफेने डोळे आणि श्वासनलिका जाळते. डायक्रोमेटने कातडीला व्रण पडतात, आणि ते कर्करोगालाही कारण ठरते. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडतात. अमोनिया मिसळलेले चांदीचे द्रावण तसेच साठवून ठेवले, तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. म्हणून ते ताजे करायचे आणि उरलेले निकामी करून मगच टाकायचे. ज्या फॉर्मालिनशिवाय या प्रयोगशाळेचे पान हलत नाही, त्यातल्या फॉर्माल्डिहाइडला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली माणसात कर्करोग घडवणारे रसायन ठरवले.

यावरचे उपाय दिसायला साधे आहेत. वाफा बाहेर ओढून नेणारे कपाट आणि तो पंखा खरोखर चालतो ना याची तपासणी, डोळ्यांना चष्मा, हातांना रसायनानुरूप मोजे, प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख, मायक्रोटोमच्या पात्यावर काम नसताना झाकण, आणि हाताशी डोळे धुण्याचा नळ. यांत चमकदार असे काहीच नाही. वस्तऱ्याची धार आणि द्रावणाचे प्रमाण ज्या चिकाटीने काहालांनी सांभाळले, तीच चिकाटी इथेही लागते. हिशेबातला एक पैसा जुळेना म्हणून रात्री उशिरापर्यंत वह्या चाळणाऱ्या जुन्या कारकुनांना ती ठाऊक होती.

काहालांच्या काचपट्ट्या आणि चित्रे माद्रिदमध्ये जतन केलेली आहेत. २०१७ साली युनेस्कोने हा ठेवा जगाच्या स्मृतिसंचितात नोंदवला. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी चांदीच्या त्या काळ्या रेषा टिकून आहेत. त्या काढणारा हात आपल्याला नावाने माहीत आहे. आपल्या घरच्या माणसाचा तुकडा ज्या हातांनी कापला आणि रंगवला, त्यांचे नाव आपल्याला बहुधा कळतही नाही. ते हात आणि ते डोळे शाबूत राहावेत, याची काळजी घेणे हे मात्र इस्पितळ चालवणाऱ्यांचे आणि तिथे पैसे मोजणाऱ्या आपलेही काम आहे.